तुमचा मुलगा कुठल्या शाळेत?

प्रश्न तिसरीतल्या एका मुलाने विचारला. प्रसंग वह्यावाटपाचा होता. कामोठ्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या पटांगणात आम्ही वस्तीतली दहा-बारा माणसे उभी होतो. मागे कापडी फलक होता आणि त्यावर आमच्या मंडळाचे नाव ठळक अक्षरांत छापलेले होते. मुले रांगेने येत होती. वही घ्यायची, फोटोसाठी क्षणभर थांबायचे, 'थँक्यू काका' म्हणायचे आणि पुढे सरकायचे, असे त्यांना आधीच बजावलेले होते. हा मुलगा मात्र थांबला. वही छातीशी धरून त्याने आमच्यापैकी एकाला सहज विचारले, "काका, तुमचा मुलगा कुठल्या शाळेत जातो?"

आमचा मुलगा त्या शाळेत जात नव्हता. आमच्यापैकी कोणाचाच जात नव्हता. त्या मुलाच्या मनात खोट नव्हती. हे काका आपल्या वर्गातल्या कोणाचे अब्बा किंवा पप्पा आहेत का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असावे. आम्ही हसून वेळ मारून नेली आणि रांग पुढे सरकली. पण घरी परतताना रिकाम्या खोक्यांबरोबर तो प्रश्नही आमच्याबरोबर आला, आणि आजवर तो गेलेला नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला त्या दिवशी न दिलेले उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आम्ही म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवे. आमच्यात म्हसळा-श्रीवर्धनकडून आलेली कोकणी मुसलमान कुटुंबे आहेत, सोलापूर-लातूरकडची आहेत, वारकरी घरातले एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, बौद्ध वस्तीत वाढलेली एक परिचारिका आहे, शिवणकाम करणाऱ्या दोन खाला आहेत आणि कॉलेजात शिकणाऱ्या काही मुली आहेत. कोणी श्रीमंत नाही. पण हप्ते भरून घेतलेले घर, महिन्याचा पगार आणि मुलांची इंग्रजी शाळा, एवढे पदरात पडले की माणसाला आपण आता देणाऱ्यांच्या बाजूला गेलो असे वाटू लागते. आम्हालाही तसेच वाटले.

खरे तर कामोठ्यात हे वाटणे जरा जपूनच बाळगायला हवे. आज मानसरोवर स्थानकाच्या नावाने लोकलच्या प्रवाशांना माहीत असलेला हा भाग मूळचा गावांचा आणि भातशेतीचा. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईची आखणी झाली आणि पनवेल, उरण, बेलापूर परिसरातल्या गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासई-दास्तान फाटा परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. मग इमारती उठल्या, सेक्टर झाले, आणि २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा कामोठे तिच्यात आले. आम्ही राहतो त्या इमारतीखाली कोणाचे तरी शेत होते. म्हणजे इथे येऊन आम्ही पहिल्यांदा जे केले ते घेण्याचेच. देणारे होण्याची वेळ नंतर आली.

त्या शाळेत येणारी मुलेही बहुतेक आमच्यासारखीच बाहेरून आलेल्यांची. बाप नाक्यावर उभा राहतो, बांधकामावर जातो, रिक्षा चालवतो किंवा रात्री आमच्याच इमारतीच्या फाटकावर बसतो. आई आमच्याच घरात भांडी घासते. आमच्या जिन्यावर रोज भेटणाऱ्या माणसांच्या मुलांना आम्ही फलकाखाली उभे करून वह्या देत होतो, आणि फोटोत ती मुले आणि आम्ही दोन वेगळ्या गावची माणसे दिसत होतो.

आमच्यातल्या मुसलमानांनी लहानपणापासून ऐकलेले आहे की, उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये. दान देऊन ते बोलून दाखवणे आणि घेणाऱ्याचे मन दुखावणे म्हणजे ते दान स्वतःच्या हाताने वाया घालवणे, असा इशारा कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे. त्याही पुढची गोष्ट अशी की, ज्याच्याकडे आहे त्याच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो, असे कुरआनमध्ये सांगितले आहे. हक्क हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे तोंडाने म्हणत आलो, पण त्याचा अर्थ त्या पटांगणात आम्हाला प्रथमच अडचणीचा वाटला. घेणाऱ्याचा हक्क असेल तर देणारा दाता राहत नाही, तो फक्त दुसऱ्याची वस्तू त्याच्यापर्यंत पोहोचवणारा उरतो. दुसऱ्याची वस्तू त्याला देताना कोणी फोटो काढतो का? पोस्टमन मनिऑर्डर देताना मागे फलक लावतो का?

देशाच्या कायद्यानेही हाच शब्द वापरला आहे. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. धर्म एका बाजूने आणि संविधान दुसऱ्या बाजूने येऊन एकाच शब्दावर थांबतात. मग त्या मुलाला 'थँक्यू काका' म्हणायला लावण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

यावर आमच्यातच वाद झाला. कंडक्टरकाका म्हणाले, "एवढा विचार कशाला? वही ती वही. फोटो काढून दिली काय आणि न काढता दिली काय, पोरगं त्यावर अक्षर गिरवणारच. तुमच्या मनातल्या शुद्धीसाठी त्याने जून महिना वहीशिवाय काढायचा का?" या बोलण्यात खोटे काही नव्हते. हक्क कागदावर असतो आणि मुलाला वही आज लागते. हेतू पूर्ण निर्मळ होईपर्यंत थांबायचे ठरवले तर जगात कोणीच कोणासाठी काही करणार नाही. आपल्या मनाची तपासणी करत बसणे हीसुद्धा एक प्रकारची चैन आहे आणि तिचा खर्च मूल भरते.

तरीही काकांच्या म्हणण्याने आमचे समाधान झाले नाही. वहीच्या बाबतीत हिशेब सोपा आहे, पण शाळेला लागतात त्या बहुतेक गोष्टी खोक्यात भरून आणता येत नाहीत. त्यासाठी माणूस लागतो, आणि तो पुन्हा पुन्हा लागतो. तिथे देणाऱ्याची वृत्ती हा त्याच्या मनातला खाजगी मामला राहत नाही. मुलाला काय मिळणार, हे त्या वृत्तीवर ठरते.

याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. 'प्रथम' या संस्थेने महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या तरुण मुली थोड्या मानधनावर यायच्या आणि तिसरी-चौथीत वाचनात, गणितात मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून शिकवायच्या. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. मुलांच्या गुणांत सुधारणा दिसली, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. पुढे २०१९ साली या दोघांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले. आम्हाला त्या मुली आठवल्या. त्या मोठ्या पदव्यांच्या नव्हत्या, पण त्या रोज येत होत्या आणि मुलांच्याच गल्लीतून येत होत्या.

आम्ही रोज जात नव्हतो. वह्यावाटपानंतर शनिवारी सकाळी वाचनाचा तास घ्यायचे ठरले, तेव्हा पहिल्या शनिवारी आम्ही बाराजण गेलो. तिसऱ्या महिन्यात चार उरलो. कोणाकडे लग्न होते, कोणाला गावी जायचे होते, कोणाचा आठवड्यातला एकच सुटीचा दिवस होता. कारणे सगळी खरी होती. पण चौथीतली एक मुलगी प्रत्येक शनिवारी तास संपला की आमच्या कॉलेजातल्या मुलीला विचारायची, "ताई, पुढच्या शनिवारी नक्की ना?" तिने असे तीनदा विचारले. चौथ्यांदा विचारायला ताई नव्हती, परीक्षा होती म्हणून. त्यानंतर ती मुलगी वाचायला बसली, पण तिने कोणालाच काही विचारले नाही.

पगारी शिक्षक गैरहजर राहिला तर त्याला रजेचा अर्ज द्यावा लागतो. हौशी माणसाला कोणी जाब विचारत नाही. आपल्या मर्जीने आला, मर्जीने गेला. 'आम्ही काही पैसे घेत नाही' हे वाक्य आम्ही अभिमानाने म्हणायचो. त्या मुलीच्या गप्प होण्यानंतर आम्हाला त्या वाक्याचा दुसरा अर्थ कळला. पैसे घेत नाही, म्हणून बांधीलही नाही, असे आम्ही नकळत म्हणत होतो. उपकाराची भावना मनात असली की माणसाला वाटते, दिले तेवढे खूप झाले. ऋणाची भावना असली तर तो न गेलेल्या शनिवारांचा हिशेब ठेवतो.

अशा वेळी फातिमाबी शेख यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. आमच्या संमेलनांतून आणि अंकांतून त्यांचे नाव आपण आदराने घेतो. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा सुरू केली, त्या कामात फातिमाबी त्यांच्याबरोबर होत्या. पण त्यांच्याविषयी लिखित स्वरूपात आपल्या हाती फार थोडे आहे. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात सावित्रीबाई माहेरी आजारपणातून उठत असताना जोतीरावांना लिहितात, त्यात आपल्या गैरहजेरीत फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाची ओळ आहे. एवढीच ओळ. आज काहीजण त्यांच्या असण्यावरच शंका घेतात, आणि आपण रागावून पुरावे मांडतो. ते करायलाच हवे. पण त्या ओळीत काय लिहिले आहे तेही वाचायला हवे. एक बाई आजारी असताना दुसरी तिचे काम कुरकुर न करता ओढत होती. आमच्याजवळ शेकडो फोटो आहेत. आमच्याविषयी अशी एक ओळ त्या शाळेतल्या बाईंनी लिहावी, असे आम्ही काय केले?

शाळेतल्या उपक्रमांनी आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. बाल आनंद मेळाव्याची जबाबदारी आम्ही उत्साहाने घेतली. आमच्या घरच्या बायकांनी वडे तळले, भेळ केली, आम्ही टेबले मांडली, मुलांना कुपने वाटली. मुलांनी पोटभर खाल्ले. संध्याकाळी आवराआवर करताना एक जुन्या शिक्षिका आम्हाला म्हणाल्या, "फार केलंत हो तुम्ही. पण मुलांना करायला काय ठेवलंत?" आम्ही वरमलो. मुलांनीच मांडायचे, विकायचे, हिशेब करायचे, यासाठीच तो मेळावा असतो. पुढच्या वर्षी आम्ही फक्त गॅसजवळ उभे राहिलो. भेळ मुलांनी केली, ती थोडी तिखट झाली. लिंबूसरबतात साखर कमी पडली. एका मुलीच्या हिशेबात सात रुपये कमी आले. तिने तीनदा नाणी मोजली. आमच्यातल्या एकाचा हात खिशात गेला होता, पण शिक्षिकेने डोळ्यांनी त्याला थांबवले. अखेर मुलीला आठवले की, धाकट्या भावाला तिने सरबत फुकट दिले होते. तिने वहीत तसे लिहिले. खिशातले सात रुपये आम्ही दिले असते तर तिचा हिशेब जुळला असता आणि तिचे शिकणे राहून गेले असते.

रायगड जिल्ह्याशी नाते असलेल्या एका मोठ्या माणसाची गोष्ट इथे आठवते. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला, हे अनेकांना ठाऊक असेल. लहानपणीच आईवडिलांना मुकलेला हा मुलगा मुंबईत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढला. आपण मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून तो चक्रावला. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड हे काम मानद म्हणून पाहत. त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा होता. म्हणजे आजच्या भाषेत तेही स्वयंसेवकच. त्यांनी त्या बुजऱ्या मुलाला नुसते उत्तर सांगून वाटेला लावले नाही. पक्ष्यांच्या नमुन्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि त्याला पुन्हा येण्याची वाट मोकळी ठेवली. पनवेलजवळच्या कर्नाळ्याला मुलांची सहल नेतो तेव्हा आम्ही ही गोष्ट त्यांना सांगतो. पण ती मुलांपेक्षा आम्हीच ऐकायची आहे. आपल्याकडचा खण उघडायचा आणि मुलाला त्यात हवे तितके डोकावू द्यायचे.

आमची सर्वांत मोठी चूक मात्र मेळाव्यात किंवा वाटपात झाली नाही. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बाबतीत झाली. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आईबाप किंवा पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवले आहे. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. त्या शाळेच्या सभेला आईबाप येत नसत. सभा सकाळी अकराला असे, आणि अकराला ते कामावर असत. एका खाड्याची मजुरी सोडून कोण येणार? मग त्यांच्या वतीने आम्ही जाऊ लागलो. पाहुणे म्हणून बोलवत, पण बोलायचो आम्हीच. पाण्याच्या टाकीबद्दल बोललो, शौचालयाच्या दाराबद्दल बोललो. काही कामे झालीही. आम्हाला वाटले, आपण मुक्यांना वाचा दिली.

ते मुके नव्हतेच. हे कळायला एक आई कारण झाली. आमच्यापैकी एकीच्या घरी ती काम करत असे. भांडी घासताना ती सहज म्हणाली, "भाभी, दाराचं काम झालं ते चांगलं झालं. पण पोरी जात नाहीत त्या दारामुळे नाही. आत दिवा नाही, म्हणून." वर्षभर आम्ही सभेत दारावर बोललो होतो. दिव्याची गोष्ट प्रत्येक आईला माहीत होती आणि आम्ही कोणाला विचारले नव्हते. जी खुर्ची कायद्याने तिची होती, तिच्यावर आम्ही तिच्या भल्यासाठी बसलो होतो.

त्यानंतर आम्ही मुख्याध्यापकांना विनंती केली की, सभा संध्याकाळी घ्यावी. ते तयार झाले. सभेच्या वेळी आम्ही बाहेर पटांगणात लहान मुलांना सांभाळतो, गोष्टी सांगतो, म्हणजे आयांना आत बसता येते. पहिल्या दोन सभांत बायका गप्पच होत्या. तिसऱ्या सभेत आतून भांडणाचा आवाज आला. पोषण आहारातल्या डाळीवरून कोणीतरी चढ्या आवाजात बोलत होते. आमच्यापैकी एकजण आत जायला उठला. परिचारिकाबाईंनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवले. आम्ही मुलांना पुढची गोष्ट सांगितली.

आता मूळ प्रश्नाकडे यायला हवे, कारण एवढे सगळे सांगून त्याला बगल देणे सोपे आहे. आमची मुले अजूनही त्या शाळेत जात नाहीत. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परिसरशाळेची शिफारस केली होती. एका परिसरातली सगळी मुले, जात, धर्म, मिळकत न पाहता, एकाच शाळेत यावीत. देशाने ती शिफारस मनावर घेतली नाही आणि आम्हीही घेतली नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतल्या बायका रोज एक मूठ धान्य बाजूला काढत, त्याला मुष्टिफंड म्हणत. ती मूठ आणि आमची वही यांत आम्हाला एक फरक दिसतो. ते धान्य रयतेच्याच घरातून निघे आणि रयतेच्याच मुलांच्या ताटात पडे. मूठ काढणाऱ्या बाईला, उद्या आपलेही मूल त्याच पंगतीत बसेल, असे म्हणता येत होते. आमची मुले त्या पंगतीत नाहीत.

आमच्याकडे कारणे आहेत. इंग्रजी हवी, स्पर्धा आहे, नातेवाईक काय म्हणतील. आपल्या मुलाच्या भविष्यावर आपल्या तत्त्वांचा प्रयोग करायचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्नही खोटा नाही. पण ज्या शाळेत आपले मूल नाही, तिथली टाकी कोरडी पडली तर आपल्या घरातले कोणी तहानलेले राहत नाही. जे आपण आपल्या मुलासाठी चालवून घेणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलासाठी 'एवढे तरी मिळते आहे' म्हणून चालवून घेण्याची सवय आपल्याला लागते. ही सवय आम्हाला लागली होती, याची कबुली दिल्याशिवाय खिदमत हा शब्द उच्चारण्याचा आम्हाला हक्क नाही.

म्हणून आम्ही स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे. त्या शाळेत काहीही करण्याआधी विचारायचे, हे आपल्या मुलाच्या बाबतीत असेच झालेले आपल्याला चालेल का? आपल्या मुलाला फलकाखाली उभे केलेले चालेल का? नाही, म्हणून फलक गेला. आता वह्या मुख्याध्यापकांकडे देतो, त्या वर्गात पाठ्यपुस्तकांबरोबर मिळतात. आपल्या मुलाला 'येतो' म्हणून न येणारे शिक्षक चालतील का? नाही, म्हणून शनिवारच्या तासाला चारच माणसे आहेत, पण पाळी लिहून भिंतीवर लावलेली असते आणि न येणाऱ्याने बदली माणूस पाठवायचा असतो. आणि त्या तासाला आमची मुलेही येतात. वह्या वाटायला नव्हे, त्याच सतरंजीवर बसून वाचायला. मराठी वाचनात त्यांतली बरीच मागे आहेत. तिथली मुले त्यांचे जोडाक्षर सुधारतात, कधी हसतातही. आमच्या मुलांना ते सुरुवातीला लागले. लागू द्यावे, असे आम्हाला वाटते.

याने प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही. शनिवारचा एक तास म्हणजे शाळा नव्हे.

तो मुलगा आता पाचवीत आहे. मध्यंतरी वाचनाच्या तासाला त्याने आमच्या मुलाच्या शेजारी बसून पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी थेट त्यालाच. मुलाने आपल्या शाळेचे नाव सांगितले. "मग तू इकडं का येतोस?" त्याने विचारले. आमच्या मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. थोडा विचार करून तो म्हणाला, "मला तुझ्याइतकं भराभर वाचता येत नाही." मग त्या मुलाने पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवले आणि ओळीवर बोट ठेवले.